घेतलं की घेतली

भालेराव सरांच्या घरी गेलं की पाणी दारातच मिळायचं. आत येऊन बसावं, पंखा लागावा, मग कोणीतरी पाणी आणावं, अशी तिथे रीतच नव्हती. तुम्ही वाकून चपला काढत असायचात आणि मान वर केली की सर समोर उभे, हातात स्टीलचा पेला. "घ्या, पाणी घ्या." पेला तुमच्या हातात गेला तरी ते मागे सरकत नसत. मान किंचित कलती करून तुमच्या तोंडाजवळ तोंड आणून उभे राहत. पाणी पिऊन झालं की तुम्हाला काहीतरी बोलावंच लागे. "ऊन फार आहे हो," म्हणा, नाहीतर "आजी कुठे आहेत?" विचारा. तुम्ही बोललात की त्यांचे खांदे खाली येत. मग ते बाजूला होत आणि तुम्हाला वाट मिळे.

आमची इंदूरच्या स्नेहलतागंजची सगळी गल्ली याला आदरातिथ्य समजत होती. समोरचे दुबेजी म्हणायचे, "सर के यहाँ से तो डाकिया भी प्यासा नहीं जाता भिया." मीही तेच समजत होते. मला फक्त ते जरा जास्त जवळ येतात असं वाटायचं, आणि एका बाईने एका भल्या माणसाविषयी असं वाटून घ्यावं याची लाजही वाटायची.

सर गेले त्याला अजून फार दिवस झालेले नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला त्यांचा चेहरा आधी आठवत नाही. पेला धरलेला तो हात आठवतो. पेल्यातलं पाणी नेहमी थोडं हलत असे.

मी ज्या कॉलेजात ग्रंथपाल होते तिथे सर राज्यशास्त्र शिकवत. घर माझ्या घरापासून दोन दारं सोडून. ते मूळचे महूचे. आजोबा आणि वडील दोघेही फौजेत होते. महूचं घर विकून ते आईला घेऊन इंदूरला आले, इथेच लग्न झालं, आणि मुलगी बालवाडीत जायच्या आत बायको काविळीने गेली. मग घरात सर, त्यांची आई आणि मुलगी संघमित्रा, म्हणजे मितू. आजींचा उजवा हात मनगटापाशी वाकडा होता. त्या डाव्या हाताने वाढत आणि दर वेळी म्हणत, "डाव्या हाताचं आहे हो, मनात नका आणू." कशानं झालं विचारलं तर म्हणत, "जुनं आहे ते, बाई." मितू बारावीत गेली त्या वर्षी त्या वारल्या.

सर भित्रे होते. हे मी कमीपणा म्हणून लिहीत नाही, कोणी उंच असतो तसे ते भित्रे होते. बोलता बोलता गल्लीत स्कूटर थांबली की त्यांचं वाक्य तिथेच थांबे. पावलं पुढे निघून गेली की वाक्य पुन्हा सुरू होई, जिथे सोडलं होतं त्याच शब्दापासून. कोण येतंय ते त्यांना चपलांच्या आवाजावरून कळे, आणि कसं येतंय तेही. लग्नसराईत बारात दिसली की रस्ता बदलत. नाचणाऱ्यांच्या गर्दीतून कोणी हसत हसत "आओ सर, दो ठुमके" म्हणालं तर दुकानाच्या पायरीवर चढून पाठ भिंतीला लावून उभे राहत. घरात काचेचं एक भांडं नव्हतं. खोकल्याचं औषध घेताना आधी बाटली हुंगत, मग बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत, आणि बहुधा मधावर भागवत.

त्यांची दुसरी खोड विद्यार्थ्यांना जास्त माहीत होती. शिकवायचे राज्यशास्त्र, तेही हिंदीतून, पण कोणी मराठी मुलगा भेटला आणि त्याने मराठीत लिंग चुकवलं की सर सोडत नसत. आणि इंदूरच्या मराठी मुलाने लिंग चुकवू नये म्हणजे मालव्यातल्या माणसाने शेव खाऊ नये. एकदा ग्रंथालयात एक मुलगा येऊन म्हणाला, "सर, दोन मिनिट रुका, मी पाणी पिऊन येतो." तो आला, तोंड पुसत म्हणाला, "हं सर, पाणी घेतला."

सरांचा चेहरा पांढरा पडला. मी टेबलामागून पाहिलं, म्हणून सांगते. पांढराच पडला.

"काय घेतलंस?"

"पानी, सर."

"पाणी ते. घेतलं. म्हण."

"घेतलं. सॉरी सर. हिंदी में 'पानी लिया' बोलते हैं ना, तो मुँह से..."

"हिंदीत म्हणत असतील. मराठीत 'ते' पाणी आणि 'ती' दारू. लिंग चुकलं की अर्थ चुकतो. अर्थ चुकला की..." मुलगा हसू दाबत गेला. मुलांनी त्यांचं नाव 'व्याकरण सर' ठेवलं होतं. एका विषयाचा मास्तर दुसऱ्या विषयात नाक खुपसतो याची ती थट्टा होती. ते नाक कशासाठी होतं, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं.

मितू तर घरातच 'पाणी घेतला', 'भाजी आवडला' असं बोलायची. सर चमकून बघायचे. ती म्हणायची, "अरे बाबा, समझलं ना तुम्हाला? मग टेन्शन कशाला घेता?"

एका बुद्धपौर्णिमेला त्यांनी मला विहारात नेलं. आजी तेव्हा होत्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, सगळे हात जोडून पंचशील म्हणत होते. सर माझ्या पुढच्या रांगेत होते. पहिली चार शीलं त्यांनी खणखणीत म्हटली. पाचवं आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, आणि त्यांचा आवाज बंद झाला. ओठही हलले नाहीत. सगळा विहार म्हणत होता आणि ज्याने उभ्या जन्मात थेंबाला स्पर्श केला नाही तो माणूस गप्प उभा होता. परत येताना मी विचारलं.

"मनात म्हणतो," ते म्हणाले.

"मोठ्याने का नाही?"

"माझे वडील पाचवं सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे." मग थोडं चालल्यावर म्हणाले, "तसे प्रत्येक समाजात एक मोठा आवाज असतो, मॅडम. तुमच्याकडे नव्हता?"

होता. आमचे एक काका संध्याकाळी 'ब्लडप्रेशर वाढलंय' म्हणून खोली लावून झोपत आणि आम्ही मुलं पाय न वाजवता फिरत असू. आमच्याकडे ते पडद्याआड होतं, एवढाच काय तो फरक. मी सरांना एवढंच म्हटलं, "होता."

अठरा की एकवीस, हा वाद आमच्या कॉलेजात दर दोन-तीन वर्षांनी उगवायचा. आमच्या राज्यात एकवीस पूर्ण झाल्याशिवाय दारू विकत मिळत नाही. विकणाऱ्याने तेवढं पाहायचं असतं आणि तो बहुतेक वेळा मिशी पाहतो. मुलांचं म्हणणं ठरलेलं असे. अठराव्या वर्षी मत देता येतं, गाडीचं लायसन्स मिळतं, फौजेत जाता येतं, मग हेच का नाही? सर वर्गात हा वाद मोठ्या रंगात येऊन शिकवत. "सरकारच्या मते अठरा वर्षांची मुलगी नवरा निवडू शकते, बीयर निवडू शकत नाही. आता यांतली जास्त धोक्याची वस्तू कोणती, ते तुम्ही ठरवा." वर्ग हसे. "आणि बावीस वर्षांचा माणूस बऱ्हाणपुरात सज्ञान असतो. गाडीत बसून रावेरला उतरला की महाराष्ट्र लागतो, तिथे कडक दारूसाठी पंचवीस लागतात. म्हणजे तो पुन्हा अज्ञान झाला. वय नक्की कशात आहे? माणसात, की स्टेशनात?"

पण त्यांचं स्वतःचं मत काय, ते कोणालाच कळलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "मी स्पर्धेत घंटी वाजवणारा माणूस. मला पक्ष नसतो."

त्या वर्षी वादविवाद स्पर्धेला मुलांनी हाच विषय निवडला. सरांची पद्धत अशी की पक्ष आणि विपक्ष चिठ्ठीने ठरे, म्हणजे न पटणारी बाजूही मांडायला शिकावं. मितू तेव्हा आमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, वीस वर्षांची. तिच्या चिठ्ठीत 'पक्ष' निघाला, म्हणजे वय अठरावर आणावं या बाजूने बोलायचं. सरांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टेबलावरच राहिल्या.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती. मी सरांकडे मासिकं परत द्यायला गेले होते, पाणी पिऊन, बोलून, आत बसले होते. मितू मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. सर दर थोड्या वेळाने उठून पेला धूत होते. पेला स्वच्छ होता. ते तो पुन्हा धूत होते.

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल थांबली. आम्हाला आवाज आला. मग एका मुलाचा आवाज, "चल, बाय, कल मिलते हैं." मग चपला. सर उभे राहिले. मला ती साधी पावलं वाटली. त्यांना वाटली नाहीत.

मितू दारात आली. तिने चपला काढल्या, एक उलटी पडली. सरांनी पेला पुढे केला. तिने घेतला, प्यायली, आणि सवयीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "काय गर्मी आहे ना बाबा."

सर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली, आणि मी कधीही न ऐकलेल्या आवाजात, बारीक, लहान पोराच्या आवाजात म्हणाले, "घेतली."

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. आजींना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"किससे बोल रहे हो?" मितू म्हणाली. घाबरली की ती पूर्ण हिंदीत जाई. "बाबा? अंदर कौन है?"

सरांचे दोन्ही हात डोक्यावर गेले होते, कोणी मारायला येतंय असे. कोणीही येत नव्हतं. मितू माझ्याकडे वळली. "मावशी, यांना काय झालं? मी बस एक... सगळ्यांनी घेतला होता, मी पण थोडा..." आणि ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसून रडायला लागली. मी तिला आत नेऊन झोपवलं. बाहेर आले तेव्हा सर तसेच उभे होते. हात मात्र खाली आले होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, कृष्णपुऱ्याकडून जाऊ." तिथल्या नदीकाठच्या छत्र्यांच्या, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांच्या, पायऱ्यांवर ते अधूनमधून जाऊन बसत हे मला माहीत होतं. पावसाळा लांब होता, नदीला वास येत होता. मी पदर नाकाला लावला. ते म्हणाले, "मला इथे बरं वाटतं. नाकाला सुट्टी मिळते."

आणि मग त्यांनी सांगितलं. वडील संध्याकाळी घरी येत तेव्हा आई त्यांना पाणी घेऊन दाराशी पाठवायची. पेला द्यायचा, जवळ उभं राहायचं, वास घ्यायचा. आई आतून विचारायची, "घेतलं का रे?" वडिलांना वाटायचं, पाण्याचं विचारतेय. वास नसला तर म्हणायचं, "घेतलं." वास असला तर म्हणायचं, "घेतली." एवढंच. एका मात्रेचा फरक. 'घेतली' ऐकलं की आई धाकट्या बहिणीला घेऊन मागच्या दाराने शेजारी जायची आणि वडील झोपेपर्यंत यायची नाही. ती दारू, ते पाणी. आईने शोधलेलं व्याकरण होतं ते.

"मी हिंदी शाळेत जायचो," सर म्हणाले. "दिवसभर हिंदी. त्या दिवशी वडिलांनी पेला घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमाने ठेवला. वास तर दारापासूनच येत होता. आईने विचारलं, घेतलं का रे? मी म्हणालो, घेतला."

त्यांनी पायरीवरचा एक खडा उचलून नदीत टाकला.

"घेतला. धड ते नाही, धड ती नाही. हिंदीतलं पाणी. आईला 'घेतलं' ऐकू आलं. ती ताट घेऊन बाहेर आली."

मी आजींच्या मनगटाबद्दल विचारलं नाही. विचारायची गरज राहिली नव्हती.

"तुम्ही लहान होता, सर."

"नव्हतो. तीच तर गंमत आहे. आमच्या घरात सज्ञान मी एकटाच होतो. चौथीत. पिणाऱ्याचं वय किती असावं यावर सरकार, कोर्ट, आपलं कॉलेज, सगळे बोलतात. अठरा म्हणा, एकवीस म्हणा, पंचवीस म्हणा. दारात पेला घेऊन उभं राहणाऱ्याचं वय किती असावं, यावर कोणी वाद घालत नाही."

मग उठता उठता म्हणाले, "त्यानंतर मी कोणाला दारात तपासल्याशिवाय आत सोडलं नाही. तुम्हालाही नाही, मॅडम. माफ करा."

स्पर्धेच्या दिवशी सर पहिल्या रांगेत बसले, समोर घंटी. पाच मिनिटं झाली की ती वाजायचीच. प्राचार्यांच्या मुलासाठीही वाजली होती. मितू बोलायला उठली. ती हिंदीत बोलली, मी मराठीत लिहिते. सुरुवात तिने ठरलेल्या मुद्द्यांनी केली, मतदान आणि फौज. मग हातातला कागद तिने खाली ठेवला.

"मी वीस वर्षांची आहे," ती म्हणाली. "गेल्या रविवारी मी घेतली. शहरात आम्हाला कोणी बसू दिलं नसतं, म्हणून बायपासपलीकडे एका फार्महाउसवर गेलो. येताना ज्याच्या मागे मी बसले त्याने माझ्यापेक्षा जास्त घेतली होती. तो ट्रकांच्या मधून गाडी काढत होता आणि मी डोळे मिटून बसले होते. फोन माझ्या हातात होता. घरचा नंबर सगळ्यांत वर होता. मी लावला नाही. एकवीस हा आकडा मला पिण्यापासून थांबवू शकला नाही. त्याने मला फक्त घरी फोन करण्यापासून थांबवलं."

सभागृहात टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. मी सरांकडे पाहिलं. घंटीवर त्यांचा हात होता. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. घंटी वाजली नाही.

तिच्यानंतर विपक्षाचा एक मुलगा उठला. बारीक, सांवेरकडच्या गावातून बसने येणारा. त्याचा आवाज आधी फुटेना. मग तो म्हणाला, "दीदी लौट आई, इसलिए यहाँ बोल पा रही है. जो नहीं लौटे, उनकी तरफ से मैं बोल रहा हूँ." पुढे त्याने त्याच्या चुलत भावाचं सांगितलं. बारावीचा होता. कॉलेजातल्या मुलांनी पाजली होती. "अठारह कर दोगे तो पंद्रह वाला अठारह वाले के साथ बैठेगा. आज इक्कीस है, तो अठारह वाला बैठ रहा है. लकीर को जितना नीचे खींचोगे, उतने छोटे हाथ उसे पार करेंगे." या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

निकाल विपक्षाच्या बाजूने लागला. मितूने त्या मुलाशी हात मिळवला. सर एकटेच निघाले, मी मागून गाठलं.

"दोघंही बरोबर बोलले," ते म्हणाले. "एक जण चुकीचा असता तर मला झोप आली असती."

थोडं पुढे गेल्यावर रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून ऑटोवाला ओरडला, "ओ काका, मरना है क्या?" मी त्यांना ओढून कडेला घेतलं. ते म्हणाले, "मी दार राखत बसलो, मॅडम. आणि ती तिकडे ट्रकांच्या मधे, दाराला भिऊन."

त्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट सुरू केली. मितू यायची वेळ झाली की पेला दाराजवळच्या स्टुलावर ठेवत आणि स्वतः मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहत. भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेलं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत. मितू येई, स्वतःच्या हाताने पाणी पिई, बोलायचं असेल तर बोले, नाहीतर आत जाई. ती आत गेल्यावर सर वळत. हे लिहायला एक ओळ लागते. पण मी त्यांना तसं उभं राहिलेलं पाहिलं आहे. मानेच्या शिरा ताठलेल्या, श्वास धरलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. कोणी पाण्याखाली राहावं तसे ते त्या खोलीत उभे असत. मला तेव्हा वाटलं होतं की सवयीने भीती कमी होईल. झाली नाही.

मितूला पहिल्यांदा ते कळेना. मग तिला मी आजींच्या मनगटाचं सांगितलं. सरांनीच मला सांगायला लावलं होतं, त्यांना स्वतःला ते दुसऱ्यांदा बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, आजी मला नेहमी विचारायची, दूध घेतलं का? मी म्हणायची, घेतला. आणि बाबा किचनमधून धावत यायचे. मला वाटायचं, माझी मराठी खराब आहे म्हणून."

सरांना यकृताचा आजार निघाला. डॉक्टर तरुण होता, रिपोर्ट पाहून त्याने विचारलं, "कब से पी रहे हैं, अंकल?" मितू उसळली. सरांनी तिला हाताने थांबवलं आणि ते हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "पी नहीं, डॉक्टर साहब," ते म्हणाले. "सिर्फ़ सूँघी है. ज़िंदगी भर."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ती एका रविवारची संध्याकाळ होती. मितूला आता नोकरी लागली होती, बाविसावं चालू होतं. ऑफिसातल्या कोणाचा तरी साखरपुडा होता, ती तिथे गेली होती, आणि मी सरांपाशी बसले होते. ते फार वाळले होते. खाटेवरून उठणं जवळपास बंद झालं होतं. तरी ऊन उतरल्यावर म्हणाले, "मॅडम, पेला." मी पेला भरून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. मग ते उठायला लागले. मी नको म्हटलं. ते ऐकेनात. एक हात माझ्या खांद्यावर, एक हात भिंतीला, असे ते कॅलेंडरपर्यंत गेले आणि तिकडे तोंड करून उभे राहिले.

गल्लीत टॅक्सी थांबली. दार लागल्याचा आवाज आला, मग सँडलचा. माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं रुतली.

मितू दारात आली. गजरा माळलेला होता, साडी जरा चुरगळली होती. आम्हाला तसं उभं पाहून ती थांबली. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होते. मोगऱ्याचा वास आला आणि मोगऱ्याबरोबर दुसराही आला.

"मॅडम," सर भिंतीला म्हणाले. आवाज बारीक झाला होता, त्या दुपारसारखा. "मॅडम, काय..."

मला कळलं ते काय विचारणार आहेत. आणि मला हेही कळलं की उत्तर एका मात्रेवर उभं आहे आणि ते मला द्यायचं आहे. माझं वय साठीला आलेलं, पण त्या क्षणी मी एक पोर होते, मधे उभं केलेलं.

"नाही," सर म्हणाले. "नको. तुम्ही सांगू नका. हे दुसऱ्या कोणाला विचारायचं नसतं." आणि त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. दोन्ही हात भिंतीवर टेकले.

मितूने पर्स खाली ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "घेतली. एक ग्लास. टॅक्सीने आले. निघताना तुम्हाला फोन लावला होता, लागला नाही."

सरांची पाठ हलली नाही. त्यांच्या बोटांखालचं कॅलेंडरचं पान मात्र हलत होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाहेरून एक स्कूटर गेली.

"बरं," ते म्हणाले. "आता पाणी घे."

मितूने पेला उचलला, उभ्यानेच सगळा प्यायली आणि रिकामा स्टुलावर ठेवला.

"घेतलं," ती म्हणाली.